शेवंता वहिनीचा पार आणि राखणदार गेनू

एका गावात एक भोळा दीर होता. नाव गेनू. त्याची वहिनी शेवंता मात्र मोठी हुशार. माणसं पारावर बसून जे बोलतात ते फोनमध्ये बोलता आलं तर, असं तिच्या मनात आलं आणि तिने कंपनीच काढली. नाव ठेवलं ‘पार’. कुणी त्यावर म्हशीचा फोटो टाकी, कुणी बारशाचं बोलावणं, कुणी नुसतंच ‘जेवलात का?’ बघता बघता चाळीस गावं पारावर आली.

शहरातल्या एका शेठच्या कानावर ते गेलं. शेठ म्हणाले, "पौर्णिमेला बघायला येतो. पसंत पडला तर तुमचा पार राज्यभर नेऊ." नाही पडला तर एकट्या वहिनीला तो पुढे झेपणार नव्हता. गुंडाळायचाच.

माणसं जमली तशी भांडणंही आली. राखण करायला कुणीतरी हवं. गेनू रिकामाच होता.

"भावजी, मारामारी दिसली की पुसून टाकायची."

"टाकतो की."

पलीकडच्या गावाने जत्रेच्या कुस्त्यांचा फोटो टाकला. एकाची मान दुसऱ्याच्या काखेत. गेनूने पुसला. त्यांनी पुन्हा टाकला, याने पुन्हा पुसला. जत्रेच्या दिवशी आखाड्यात दोन पैलवान, एक ढोलवाला, आणि बघायला एक कुत्रं.

वहिनीने कपाळाला हात लावला. "अहो, काही करायच्या आधी ज्याने टाकलंय त्याला विचारायचं!"

"विचारतो की. आधी सांगायचं ना."

मग नारबा टँकरवाल्याने टाकलं, ‘पाच गावांच्या विहिरींत विष पडलंय. टँकर मागवा.’ गेनूने नारबाला फोन लावला.

"नारबा, हे खरं का?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

गेनूने गळा चाचपून पाहिला. गळा जागेवर होता. राहू दिलं. पाच गावं दोन दिवस टँकरच्या मागे पळाली. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीने वैतागून विहिरीचं तांब्याभर पाणी प्यायलं, मोठा ढेकर दिला, तेव्हा लोकांना उमगलं.

"अहो, लबाडालाच विचारतात होय? आपण स्वतः जाऊन डोळ्यांनी बघायचं, मग लोकांपुढे जाऊ द्यायचं!"

"बघतो की. आधी सांगायचं ना."

चार दिवसांनी बातमी आली, ‘माझी कडब्याची गंज पेटली, धावा!’ गेनूने बातमी अडवून धरली. पायात चपला घातल्या, एसटी पकडली, वर दोन कोस चालला. पोचला तर नुसती राख. बोट घालून बघितलं तर चांगलं भाजलं. म्हणजे बातमी खरी. घरी येऊन त्याने ती सोडून दिली. दुसऱ्या दिवशी सात गावची माणसं भरल्या बादल्या घेऊन आली. गंजीच्या धन्याने सगळ्यांना ओळीने शिव्या घातल्या.

"भावजी, घाईच्या कामात विचारत नाही बसायचं, बघायला नाही जायचं! बसल्या जागी दिसेल तेवढ्यावर उरकायचं!"

"उरकतो की. आधी सांगायचं ना."

पौर्णिमा उजाडली. वहिनीने पुरण घातलं होतं. तेवढ्यात शेठचा निरोप आला, ‘निघालोय. खोट्या नावाची माणसं मात्र मला चालणार नाहीत.’ वहिनी चुलीपासूनच ओरडली, "भावजी, घाईचं काम आहे! नाव एकाचं आणि तोंड दुसऱ्याचं, असली माणसं काढून टाका!"

"काढतो की."

गेनूने मांडी ठोकली. पहिली शेजारची गजराबाई. नाव गजराबाईचं, फोटोत तोंड गुलाबाचं. गजराबाईला गेनू रोज बघायचा. मेळ काही बसेना. काढली. सरपंचाच्या जागी खंडोबा. काढला. धोंडिबाच्या जागी ट्रॅक्टर, त्याच्या बायकोच्या जागी कपिला गाय, तलाठ्याच्या जागी त्याचा नातू. सगळी काढली. इतक्या खोट्यांत वहिनीने दिवस कसे काढले, म्हणून गेनूला भरून आलं.

शेठ आले. पोळ्या खाल्ल्या, पाण्याचा तांब्या उचलला. "हं, दाखवा बाई तुमचा पार."

वहिनीने फोन उघडला. फोन तिलाच विचारू लागला, ‘आपण कोण?’

"भावजी! मलासुद्धा काढलंत?"

"तुमच्या नावावर तुळस होती, वहिनी."

शेठने गेनूचा फोन ओढून घेतला. पारावर शुकशुकाट. "अरे, एकही माणूस उरला नाही?"

"असं कसं? आहे की!" गेनू छाती फुगवून म्हणाला. "चाळीस गावांत एकच खरा निघाला."

नाव नारबाचं, तोंडही नारबाचंच, मिशीच्या पिळासकट. आणि खाली त्याने ताजं ताजं लिहिलं होतं, ‘शेवंताबाईच्या विहिरीत विष पडलंय. टँकर मागवा.’

शेठच्या हातातला तांब्या गळून पडला. धोतर सावरत ते गाडीकडे धावले. गेनू त्यांच्यामागे धावत ओरडला,

"भिऊ नका, शेठ! खरा माणूस आहे तो. त्याचाच टँकर मागवतो!"