दोन करवंदं

"पण होडी डावीकडेच का जाते?"

सरनोबतांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. कयाक तिसऱ्यांदा खारफुटीत घुसली होती.

काठावर चंद्रभागाकाकी कुबल बसल्या होत्या. सगळा जन्म खाडीत गेलेला. हल्ली पर्यटकांना कयाक शिकवतात. सरनोबत पूर-बचाव पथकाचे प्रमुख. पथकासाठी कयाक आल्या, हार घातले गेले, फोटो छापून आले. त्या चालवायला कोणालाच येत नाहीत, हे नंतर लक्षात आलं.

वल्हं दोन्ही बाजूंना आळीपाळीने पायाच्या बोटांपाशी पाण्यात घालायचं, कमरेपाशी बाहेर काढायचं, आणि दंडाने ओढायचं नाही, कंबर वळवायची, एवढंच काकींनी पुन्हा सांगितलं.

हे आपण पुस्तकात वाचलंय, असं सरनोबत म्हणाले. मग त्यांनी वाऱ्याला दोष दिला. मग भरतीला. मग ठेकेदाराला, त्याने कयाकच वाकडी दिली असणार.

काकी त्याच कयाकमध्ये बसल्या. समोरच्या खांबापर्यंत सरळ गेल्या, सरळ परत आल्या...

"होडी वाकडी नाय, सायबानू."

चिखलात तिसऱ्यांचे शिंपले वेचणाऱ्या बायका हसल्या नाहीत. त्यांनी माना खाली घातल्या.

गेल्या पावसाळ्यात पूर आला, तेव्हा रबरी बोटीत दोघंच होते. उजवीकडे वल्हं मारायला स्वतः सरनोबत, डावीकडे त्यांच्या हाताखालचा आत्माराम मालंडकर. बोट डावीकडे वळत वळत खारफुटीत अडकली. छपरावर बसलेलं म्हातारं जोडपं अकरा तास छपरावरच राहिलं. शेवटी त्यांना मच्छीमारांनी उतरवलं.

सरनोबतांनी अहवालात लिहिलं : डाव्या बाजूचे वल्हे कमी पडले.

त्या एका ओळीवर मालंडकर दहा महिने निलंबित होता. सोमवारी चौकशी होती. साहेब जबाबात काय सांगतात, त्यावर त्याची नोकरी राहणार की जाणार हे ठरणार होतं. खाडीवर हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं.

काकींनी ओटीतून दोन पिकलेली करवंदं काढली. सरनोबतांच्या दोन्ही तळहातांवर एकेक ठेवलं, त्यावर वल्ह्याचा दांडा दिला आणि बोटं मिटवली.

"न फोडता परत आणा."

हा काय पोरखेळ, असं सरनोबत म्हणाले. पण गेले.

कयाक डावीकडे गेली. चिखलातली एक बाई उठून बाजूला झाली.

"वल्ह्याक मुठीची बेडी घातलात काय?" काकींनी काठावरून विचारलं.

सरनोबतांनी ऐकलं नाही, किंवा ऐकल्याचं दाखवलं नाही. घामाघूम होऊन ते परतले. काकींनी हात उघडायला सांगितले.

डाव्या तळहातावर करवंद अख्खं होतं. उजवा तळहात मनगटापर्यंत जांभळा झाला होता.

सरनोबत दोन्ही हातांकडे बघत राहिले...

"माझ्या उजव्या हातात जोर आहे," ते म्हणाले. "डावा कमी पडतो."

काकींनी डाव्या हातावरचं करवंद उचललं. पदराला पुसलं, तोंडात टाकलं. बिया पाण्यात थुंकल्या.

"मग तेका निलंबित करा, सायबानू."