जहाजाचं वय कुणाला विचारायचं

“पण आकडा खोटा आहे का, बाई? तेवढंच सांगा!”

रेवाचा आवाज शेडभर घुमला. गोड्या पाण्याच्या टाक्यांत खाडीतून काढलेल्या फळ्या बुडवून ठेवल्या होत्या. मयेकरबाई त्यातल्या एकीवर हात फिरवत होत्या.

“आकडा खरा आहे,” त्या म्हणाल्या.

“मग अहवालावर सही का नाही? फाटकाबाहेर पत्रकार येऊन थांबलेत. सगळे समजत होते त्याहून जहाज दोनशे वर्षांनी जुनं निघालंय. हे मी शोधलंय, बाई. मी!”

“वय काढायला लाकडाचा तुकडा कुठला पाठवलास?”

“गाभ्यातला. कडेचं लाकूड किडलेलं, मऊ. ते तासून टाकलं. आतलं स्वच्छ घेतलं.”

बाईंनी फळीच्या मधोमध बोट टेकवलं.

“हे झाडाचं लहानपण.”

मग बोट सरकत सरकत कडेला आलं, जिथे रेवाची पटाशी चालली होती.

“आणि तोडलं तेव्हा ते इथं होतं.”

रेवाचे कान तापले. गाभ्याचं वय म्हणजे जहाजाचं वय नव्हे, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. याच बाईंनी.

“मला कळतं ते! पण कडा उरलीच नाहीये. आता काय करू, समुद्राला विचारू?”

“फळ्या खिळ्यांनी नव्हे, दोरीने शिवलेल्या होत्या. भोकांतला काथ्या कुठाय?”

“चिखल होता नुसता. ब्रशने खरवडून काढला.”

“कशाला?”

“…फोटोत नीट दिसावं म्हणून.”

बाईंच्या हातातला टॉवेल खाली पडला. पुढचे शब्द मोठ्याने नव्हते, पण रेवा एक पाऊल मागे सरकली.

“इतकी वर्षं चिखलाने धरून ठेवलं. आणि तू ब्रश घेऊन आलीस.”

…

मग बाईंनी पदर खोचला आणि मोरीच्या जाळीपाशी गुडघ्यांवर बसल्या. ब्रशने निघून तिथे अडकलेला काळा गाळ त्या मूठमूठ चाळणीत घालून पाणी सोडू लागल्या. पासष्टीच्या बाईंचे गुडघे ओल्या फरशीवर होते, आणि रेवा रागाने तशीच उभी. सगळा गाजावाजा मोरीत वाहून चालला होता.

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला.

बाईंनी चाळणीतून काहीतरी उचललं. काथ्याचे केसासारखे चार धागे, एकमेकांत पीळ घातलेले. ते त्यांनी रेवाच्या तळहातावर ठेवले.

“नारळ वर्षभरात पिकतो,” बाई म्हणाल्या. “त्याच्यात शेकडो वर्षांचं लहानपण दडत नाही. काथ्याचं वय तेच जहाज शिवल्याचं वय.”

“याने माझं जहाज तरुण निघालं तर?”

“तुझं?”

रेवाची मूठ मिटली, मग घाबरून लगेच उघडली. धागे तुटले नव्हते.

“बाई… त्या लोकांना मी आता काय सांगू?”

बाई टॉवेल उचलून हात पुसत होत्या.

“सांग, झाडाला विचारून झालं. शिवणाऱ्याला अजून विचारायचंय.”