डोकी नकोत, फण्या आणा

एकदा एका बालवाडीत उवा झाल्या.

गाव नदीकाठचे, लहान. गावाबाहेर एका वृद्ध गुरुजींचा आश्रम होता आणि त्याच्या ओसरीवर ही बालवाडी भरे. तीन ते सहा वर्षांची बावीस मुले. त्यांना गुरुजींची एक तरुण शिष्या सांभाळी. मुले तिला ताई म्हणत. एका चित्रावर पाच डोकी वाकत, दुपारी एकाच सतरंजीवर बावीस डोकी निजत. उवांना आणखी काय हवे?

गावात हे सर्वांना ठाऊक होते आणि कोणीही बोलत नव्हते. एका घराने मुलीच्या डोक्याला रॉकेल चोळले. टाळूवर फोड आले, तेव्हा ‘ऊन लागलं’ म्हणून सांगितले. दुसऱ्या घराने मुलाचा गोटा केला आणि नवस फेडला असे जाहीर केले. त्या महिन्यात गावात तीन नवस फिटले. देवालाही आश्चर्य वाटले असेल.

शिष्येच्या स्वतःच्या डोक्यातही उवा शिरल्या होत्या. मुले दिवसभर मांडीवर, खांद्यावर; शिरणारच. ती घरी जाई, दाराला कडी घाली, आणि विंचरून झाले की फणी पेटीत लुगड्यांच्या घडीखाली लपवी. ज्ञानी गुरुजींची शिष्या आणि डोक्यात उवा, हे लोकांना कळले तर तोंड कसे दाखवायचे, ही तिची चिंता.

उघड्यावर उवा काढणारी बाई गावात एकच होती. तिचे नाव धुरपाबाई. ती बांबूची सुपे-टोपल्या विणून पोट भरी. घरात अंधार आणि बांबूचा ढीग, म्हणून उतरत्या उन्हात ती दारात बसे, चार वर्षांच्या रंगूला गुडघ्यांत धरी आणि फणी चालवी. रस्ता समोरूनच जाई. जाणारा-येणारा पाही.

गावाचा निकाल तयार झाला. उवा टोपलीवालीच्या घरून आल्या.

मुलांना रोज पेलाभर दूध एका शेठजींकडून येत असे. एके सकाळी ते स्वतः ओसरीवर आले.

“ताई, ती टोपलीवालीची पोर उद्यापासून इथं दिसता कामा नये.”

“शेठजी, लेकरू आहे ते. चार वर्षांचं.”

“आणि माझा नातू काय म्हातारा आहे? डोकं खाजवून खाजवून रक्त काढलंय त्यानं. सोमवारपर्यंत बघतो. नाहीतर दुधाची किटली माझ्या दारातून हलायची नाही.”

शेठजी गेले. एका बाजूला बावीस मुलांचे दूध, दुसऱ्या बाजूला एक मूल. शिष्येने रंगूचे बसकर उचलले आणि लांब दाराशी नेऊन टाकले.

“ताई, मी हितं का?” रंगूने विचारले.

“इथं वारा येतो.”

रंगूला आनंद झाला. “मग समद्यांना बोलवू? त्यांना बी उकडत असंल.”

“नको. तू बस,” एवढेच शिष्या म्हणाली, आणि मुलांना दुपारी निजवून गुरुजींकडे गेली.

गुरुजी वाल सोलत बसले होते. त्यांना जवळचे धड दिसत नसे. सारे काम बोटांवर चाले. त्यांनी हात न थांबवता सर्व ऐकले.

“उवा कोणाच्या डोक्यात आहेत?”

“लोक म्हणतात, रंगूच्या.”

“लोकांनी पाहिल्या?”

“तिची आई दारात बसून काढते, ते पाहतात.”

“आणि तू पाहिलंस? डोकं?”

शिष्येचा हात आपल्याच मानेकडे खाजवायला निघाला होता. तिने तो मध्येच आवरला. गुरुजींना दिसले की नाही, कोण जाणे.

“सोमवारी सगळ्या घरांना बोलाव,” ते म्हणाले. “पोरांची डोकी तपासायची नाहीत. प्रत्येक घरानं आपली फणी आणायची.”

“फणी?”

“फणी. असेल तशी. नसेल तर नाही म्हणून सांगायचं.”

गुरुजी आता फार थकले, असे शिष्येच्या मनात आले. दूध बंद व्हायची वेळ आली आहे, आणि यांना फण्या हव्यात! तरी तिने घरोघरी निरोप दिला.

सोमवारी ओसरी भरली. गुरुजींनी आपले पांढरे उपरणे जमिनीवर अंथरले. बायका पदराआडून फण्या काढून त्यावर ठेवू लागल्या, जणू चोरीचा माल. त्यातच एकीने दुसरीचा हात धरला.

“अगं, ही तर माझी फणी!”

“मग? आठ दिवसांपूर्वी तूच दिलीस ना?”

“मी तुझ्या सासूला दिली होती. गुरांच्या गोचिडीसाठी म्हणून नेली तिनं!”

ओसरी हसली. सासू खांबाआड सरकली.

शेठजींचे हात मोकळे होते. “आमच्या घरात फणी नाही,” ते छाती काढून म्हणाले. “कधी लागलीच नाही.”

गुरुजींनी मान हलवली आणि एकेक फणी उचलून दातांवरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. एक फणी कोरी होती, दुकानाचा कागद अजून चिकटलेला. एकीला कोळ्याचे जाळे लागले होते. एक त्यांनी नाकाशी नेली आणि बाजूला ठेवली.

“ज्या बाईची ही असेल तिनं ऐकावं. रॉकेल लेकराच्या डोक्याला पुन्हा लावू नकोस. कातडी जळते. ठिणगी पडली तर पोर जाईल.”

मग त्यांचा अंगठा एका फणीवर थांबला. पुढे गेला, मागे आला. लाकडी फणी, हाताळून गुळगुळीत झालेली. मधले दात झिजून आखूड झालेले. दोन दात तुटले होते आणि त्या जागी बांबूच्या बारीक काड्या बसवून दोऱ्याने आवळल्या होत्या.

“ही कोणाची?”

“माझी हाय जी,” धुरपाबाई मागून म्हणाली. ती पायरीखाली उभी होती. वर ये असे तिला कोणी म्हटले नव्हते. “जुनी हाय. माज्या आयची.”

“हे दात कुणी बसवले?”

“म्याच. एक दात गेला की तेवढ्याच फटीतनं निसटत्यात मेल्या.”

“किती दिवसांनी काढतेस?”

“दिसाआड. पोर हितं येती, समद्यांत खेळती, जाताना चार-दोन घिऊन येती. काढून टाकायच्या. त्येला काय!”

जिच्या घरून उवा आल्या असे गाव म्हणत होते, तिच्या घरी उवा या ओसरीवरून जात होत्या.

“तू हे कुणाला बोलली नाहीस?” गुरुजींनी विचारले.

“काय बोलायचं, गुरुजी? लेकरांच्या डोक्यात उवा हुत्यातच. माज्या बी हुत्या. शेठजी, तुमच्या ल्हानपणी नव्हत्या व्हय?”

बायका पदर तोंडाशी धरून हसल्या. शेठजींचे कान लाल झाले. गुरुजींनी ती फणी तळहातावर धरली. ते मोठ्याने बोलत नसत. त्या दिवशीही बोलले नाहीत.

“तुम्ही या बाईला उवा काढताना पाहिलंत, आणि उवा तिच्या ठरवल्यात. अंगण झाडणारीला घाणेरडी म्हणावं, तसं झालं हे. शेठजी, तुमच्या घरात फणी नाही. याचा अर्थ उवा नाहीत असा नव्हे. कुणी पाहिलं नाही, एवढाच. बाकीच्यांनी पाहिलं, पण दार लावून. एका घरानं सोमवारी, दुसऱ्यानं शुक्रवारी. ऊ उडत नाही, ती चालत जाते. तिला चालत जायला रोज कुणाचं तरी डोकं मोकळं मिळालं. तिला वाढवलं ते तुमच्या कडीनं आणि लाजेनं. या बाईला लाज वाटली नाही, म्हणून हिचे हात थांबले नाहीत. आता कुणाला घालवायचं, ते ठरवा.”

शिष्या खांबाला टेकून उभी होती. तिची फणी उपरण्यावर नव्हती. ती तिने घरून आणली खरी, पण ओच्यातून बाहेर काढायचे धैर्य झाले नव्हते. आता फणीचे दात तिला पोटाशी टोचत होते. सारे गाव समोर बसले होते. आपण गप्प राहिलो तरी चालेल, हेही तिला दिसत होते. पण मग दाराशी पडलेले ते बसकर तिला दिसले.

ती पुढे आली. फणी काढून तिने उपरण्यावर ठेवली.

“ही माझी. पंधरा दिवस झाले. कडी लावून काढते. जात नाहीत.”

एकही बाई हसली नाही. धुरपाबाई पायऱ्या चढून वर आली. तिने गुरुजींच्या हातातून आपली फणी घेतली, भिंतीशी बैठक मारली आणि समोरची जमीन पदराने पुसली.

“अवं ताई, एकलीला मागचं दिसतंय का? बसा हितं.”

आणि शिष्या बसली. भर सकाळी, सगळ्या गावासमोर, अंबाडा सोडून. धुरपाबाईने आधी तेल चोळले, केसांच्या बटा पाडल्या आणि मुळापासून टोकापर्यंत फणी ओढली. प्रत्येक ओढीला ती फणी पांढऱ्या उपरण्यावर पुसत होती. तिसऱ्या ओढीला दोन उवा पडल्या.

“ह्या बगा, कानामागं लपल्यात. समद्या हितंच ऱ्हात्यात.”

बायका जवळ सरकल्या. बटा किती जाड घ्यायच्या, लीख केसाला चिकटून असते ती कशी ओळखायची, ती नुसत्या पाण्याने का निघत नाही, हे त्या विचारू लागल्या आणि धुरपाबाई सांगू लागली. दुपारपर्यंत एकेकीपुढे एकेक मूल बसले होते. शेठजींच्या नातवाचे डोके धुरपाबाईने स्वतः घेतले. उपरण्यावर एकोणीस उवा पडल्या. नातू आनंदाने मोजत होता आणि दरवेळी आजोबांना ओरडून आकडा सांगत होता.

शेठजी बराच वेळ उभे होते. शेवटी खाली वाकून हळूच म्हणाले, “बाई, फणी... कुठली घ्यावी?”

“लाकडाची घ्या. आन् दात बगून घ्या. उजेडाला धरायची. फटीतनं लई उजेड दिसला की ती ठिवून द्यायची.”

दुसऱ्या दिवशी दुधाची किटली वेळेवर आली.

चौथ्या दिवशी सगळी डोकी पुन्हा विंचरली. आठव्या दिवशी उवा कोणाला दिसत नव्हत्या, तरी धुरपाबाईने सगळ्यांना परत बसवले. “लिखा आता फुटायच्या,” ती म्हणाली, आणि फुटल्याच होत्या. तिसऱ्या आठवड्यात उपरणे पांढरे राहिले. गुरुजींनी ओसरीच्या खुंटीला एक फणी टांगली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

रंगूचे बसकर शिष्येने त्याच सोमवारी मध्ये आणून ठेवले होते. पण एक गोष्ट तिच्या मनात कुसळासारखी राहिली होती. डोकी निवळली, त्या दिवशी मुले घरी निघाल्यावर तिने रंगूला जवळ बोलावले आणि तिच्यासमोर खाली बसली.

“रंगू, तुला मी दाराशी बसवलं होतं ना? तिथं वारा येतो म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. माझं चुकलं.”

“व्हय,” रंगू म्हणाली. “आलाच न्हाई. म्या लई वाट बघितली.”

आत वाल सोलणारे गुरुजींचे हात थांबले. शिष्येने रंगूला छातीशी धरले. आपल्या डोक्याला तिचे डोके लागले आहे, हे तिच्या ध्यानातही आले नाही.