सभापतींनी ट्रॉली मागं घेतली

मुहूर्त टळायला आला होता आणि अरुंद बोळात वऱ्हाडाच्या ट्रॅक्टरसमोर सभापती भानुदासरावांची जीप येऊन ठाकली.

"ट्रॉली मागं घे!" ते गरजले. ट्रॅक्टरवाल्याला काही जमेना.

नवरदेवाची आत्या गोदाक्का ट्रॉलीतून म्हणाली, "साहेब, तुम्हीच दाखवा की!"

भानुदासराव रुबाबात ट्रॅक्टरवर चढले. मागं घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं तर ट्रॉली डाव्या भिंतीला, डावीकडे फिरवलं तर उजव्या. हे काय गौडबंगाल, त्यांना उमजेना. घाम फुटला.

"आता जरा पुढं घेऊन बघा," गोदाक्का म्हणाली.

ट्रॅक्टर सुतासारखा सरळ निघाला, थेट जीपच्या तोंडाशी. सभापती खुलले आणि आपल्याच ड्रायव्हरवर खेकसले, "बघतोस काय? जीप मागं घे! एवढी ट्रॉली घेऊन मी मागं जाऊ होय?"

गोदाक्का म्हणाली, "आमचंही तेवढंच म्हणणं होतं, साहेब."