राखेतले वाल

एकदा एक वृद्ध वैद्य खाडीकाठच्या गावी राहत असत. औषध देण्याचा त्यांना भारी कंटाळा. आलेल्या रोग्याला ते आधी विचारत, घरी स्वयंपाक कोण करतं आणि परसात काय लावलंय. त्यांची एक शिष्या होती. तिचं तिसरं वर्ष चालू होतं. परसबाग आणि स्वयंपाकघर दोन्ही तिच्या हाती आलं होतं, आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता.

भाताची कापणी नुकतीच उरकली होती. वैद्यबुवा दोन दिवस परगावी गेलेले असताना शहरातला एक धान्याचा व्यापारी दारात येऊन उभा राहिला. त्याच्या म्हाताऱ्या आईने अन्न सोडलं होतं. काहीही पुढे केलं की ती तोंड फिरवी आणि एकच मागे, माहेरच्या कडव्या वालांचं बिरडं. हे गाव तिचं माहेर. व्यापाऱ्याच्या कोठारात वालांची पोती रचलेली होती, पण त्यांचं बिरडं तिने एका घासात बाजूला सारलं होतं. परवा सकाळी या, मी करून ठेवते, असं शिष्या बोलून गेली.

खायच्या वालांचं मडकं मात्र रिकामं होतं. फळीवर दुसरं मडकं होतं, राखेत घोळवलेल्या वालांचं. कीड लागू नये म्हणून बियाण्याला राख चोळतात, हे तिला का ठाऊक नव्हतं? गावाने केव्हाच बाजारचे वाल आणायला सुरुवात केली होती. जुनं बी उरलं होतं ते एवढंच, आणि आठ दिवसांत ते पेरायचं होतं. पण ती उपाशी म्हातारी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिने राख धुतली आणि सगळेच्या सगळे वाल भिजत घातले.

तिसऱ्या दिवशी सकाळी वैद्यबुवा परतले तेव्हा वालांना मोड आले होते आणि ती सोलायला बसली होती. त्यांनी रिकाम्या मडक्यात पाहिलं. तिने रडत रडत सगळं सांगितलं.

“किती सोललेस?” त्यांनी विचारलं.

“वाटीभर.”

“मग आता हात थांबव. तेवढ्याचंच बिरडं कर.”

इतक्यात व्यापारी आला. वैद्यबुवांनी उरलेल्या मोडांची टोपली त्याच्या हाती दिली आणि त्याला खाचरात नेलं. भात कापलेल्या जमिनीत अजून ओल होती. एकेक वाल मोड सांभाळून पेरायला त्यांनी त्याला सांगितलं. व्यापारी गोंधळला. आई तिकडे उपाशी, आणि हे मला इथे शेती शिकवतायत! पण आईसाठी आला होता, म्हणून निमूट वाकला. टोपलीत शेवटची ओंजळ उरली, तेव्हा वैद्यबुवांनी ती ओल्या फडक्यात बांधून त्याला दिली. “ही तुमच्या परसात लावा. आईंना दिसेल अशा जागी.”

बिरड्याचा डबा घेऊन आलेल्या शिष्येला मात्र राहवलं नाही. तिने या सगळ्याचा अर्थ विचारला.

“तुला दया आली, यात काही चुकलं नाही, पोरी,” ते म्हणाले. “पण बी शिजवलं की एका दिवसाचं जेवण होतं. आज त्या माउली जेवतील, मग उद्या? शेट, तुमच्या कोठारात धान्याला तोटा नाही. पण त्यातला एक दाणा तरी आईंनी रुजताना पाहिलाय का? ज्या बाईने जन्मभर शेंगा तोडल्या, वाल सोलले, तिच्यापुढे तुम्ही नुसतं ताट ठेवता. तिची भूक त्या कामात होती.”

व्यापारी डबा आणि फडकं दोन्ही जपून घेऊन गेला.

फाल्गुनात तो पुन्हा आला. हातात एक लहानसं मडकं होतं. शिष्येने भीत भीत विचारलं, आई जेवतात का?

“रोज वेलापाशी जाऊन बसायची,” तो म्हणाला. “शेंगा तिनेच तोडल्या. ओल्या शेंगांची भाजी झाली, ती पोटभर जेवली. वाळलेल्यांतले हे तिने निवडून पाठवलेत. म्हणाली, यांना हात लावू नका, हे पुढच्या सालचे.”

शिष्येने मडक्यात हात घातला. वर आला तो राखेने माखलेला. मडकं तिने फळीवर ठेवलं, आणि तो हात बराच वेळ तसाच राहू दिला.