धुरपतामायचा कोरडा वाफा

बंधाऱ्याच्या दगडांवर अजून शेवाळ धरलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. भोनगावात धुरपतामाय नावाची पाटकरीण होती. पाटकरी म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाळीपाळीनं शेतांना देणारा माणूस. हे काम पुरुषांचं. पण तिचा नवरा पुरात वाहून गेला, आणि पूर ओसरला तशी तीच फावडं खांद्यावर टाकून पाटावर उभी राहिली. लोक हसले. नदी मात्र हसली नाही, असं म्हणतात.

भोनगावची रीत अशी, की पाणी आधी पाटाच्या पार टोकाच्या शेतांना, मग वरच्यांना, आणि सगळ्यात शेवटी पाटकऱ्याच्या स्वतःच्या वाफ्याला. धुरपतामायचा वाफा पाटाच्या तोंडाशीच होता. पाणी रोज त्याच्या कडेनं खळखळत जायचं आणि वाफा तहानलेला राहायचा.

गावातले जवान तिच्या हाताखाली शिकायला येत. ती त्यांना पाटाच्या दारावर एकटं उभं करायची आणि मागं न बघता निघून जायची. फावडं मारणं हाताला आपोआप येतं, म्हणायची. कोणी बघत नसताना दार राखणं, तेवढंच शिकावं लागतं.

एका वर्षी नदी बारीक झाली. मायचा गहू पिवळा पडायला लागला. तिचा लाडका शिष्य हिलाल, त्याला ते बघवेना. भरदुपारी माय टोकाच्या शेतांकडं गेलेली असताना त्यानं बांध फोडला आणि तिचा वाफा भिजवला. माय परतली. ओली माती बघून तिनं विचारलं, हे कोणी केलं.

हिलाल छाती काढून म्हणाला, "मी केलं. माय, तुला पाणी दिलं तर गावात कोण नाही म्हणेल?"

"कोणीच नाही म्हणणार नाही," माय म्हणाली, "म्हणूनच द्यायचं नाही."

तिनं बांध बुजवला. मग साऱ्या शिष्यांदेखत आपला गहू मुळासकट उपटला आणि टोकाच्या लोकांच्या गुरांपुढं नेऊन टाकला. ज्यांचं पाणी, त्यांचा चारा, एवढंच बोलली. हिलाल ढसाढसा रडला. तिनं त्याला शब्दानं दुखवलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच दार पुन्हा त्याच्याच हवाली केलं आणि मागं न बघता निघून गेली.

पुढं उन्हं आणखी तापली, तसा जहागीरदाराचा निरोप आला. टोकाचं पाणी बंद करा, आमच्या आमराईकडं वळवा. टोकाला गरिबांची शेतं. पाणी तुटलं असतं तर त्यांच्या चुली विझल्या असत्या. मायनं नकार कळवला. मग कारभारी गडी घेऊन आला.

"काय गं म्हातारे," तो म्हणाला, "स्वतःचा वाफा तुला राखता आला नाही, गाव काय राखणार?"

"तो राखला असता ना दादा, तर आज तुमच्यापुढं उभं राहायला मला तोंड नसतं."

एवढं बोलून ती आमराईकडं फुटणाऱ्या पाटाच्या तोंडातच मांडी घालून बसली. गडी तिला ओढायला पुढं आले, तर हिलाल तिच्या शेजारी बसला. मग दुसरा शिष्य बसला, मग तिसरा, मग टोकाच्या शेतांवरच्या बायका पोरं कडेवर घेऊन बसल्या. कारभाऱ्यानं चिडून वरचा बांधच फोडायला लावला. पाणी लोंढ्यानं आलं. पण मायच्या गुडघ्याशी येऊन ते थबकलं, भिंतीसारखं उभं राहिलं आणि आपलं आपण टोकाच्या शेतांकडं वळलं, असं म्हणतात. गड्यांनी हातातली फावडी खाली टाकली. कारभारी एकटाच परत गेला.

पाणी ओसरलं तेव्हा सगळे जागेवर होते, माय नव्हती. ती पाण्याबरोबर शेतात गेली, असं म्हणतात.

पाटाच्या तोंडाशी तिचा वाफा आजही आहे. तो कोणी पेरत नाही, कोणी भिजवत नाही. गावाला नवा पाटकरी नेमायचा असला की शाळेची पोरं तिथं रांगेत उभी करतात. नवा पाटकरी आधी आपल्या स्वतःच्या शेताचं पाणी आपल्या हातानं बंद करतो. मग पोरं एका सुरात विचारतात, "आज पाणी कोणाला नाही?"

तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "मला नाही."

त्यानंतरच गावाच्या पाटाचं दार उघडतात.