खोतांच्या माडीहून उंच पाइप

आमच्या वाडीत अप्पा खोतांच्या माडीहून उंच काही उभं राहिलेलं त्यांना खपत नसे. त्या माडीला खेटून सगुणाचं दोन खोल्यांचं घर. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. अवघडलेल्या पोरीला लोटा घेऊन डोंगर चढायला लागू नये, म्हणून सगुणाने संडास बांधायला काढला. टाकीचा खड्डा स्वतः खणला. शेवटी गवंड्याने टाकीवर हवेचा पाइप उभा केला, तो खोतांच्या माडीच्याही वर गेला.

खोत माडीवरून गरजले, "सगुणे, माझ्या डोक्यावर पाइप? आत्ताच्या आत्ता काप, नाहीतर टाकी बुजवून टाकीन!"

लेक यायला दोनच दिवस उरलेले. तरी सगुणा म्हणाली, "कापते की अप्पा! तुम्ही सुपारी कातरत बसता ना, तिथं जरा बसा. गवंडीदादा, अप्पांच्या नाकासमोर खूण करा आणि बरोब्बर तिथंच कापा."

खोत ऐटीत माडीवरच्या खुर्चीत बसले. गवंडी करवत घेऊन शिडी चढला. खोतांनी विचारलं, "पण या पाइपातून येतं तरी काय गं?"

"टाकीतला वास, अप्पा. तुमच्या डोक्यावरून निघून जाणार होता. आता खाली घेतला, की येईल तुमच्यासमोर."

"अरे थांब, मेल्या! ठेव ती करवत!" खोत खुर्चीतून ताडकन उठले.

लेक आली तेव्हा वाडीत सगळ्यात उंच तो पाइपच होता, आणि त्याचे वरचे चार हात खोतांनी स्वतः आणून जोडून घेतले होते.